जरीकाठाची पेटी

“कला म्हणजे मृत्यूच्या नाकावर टिच्चून माणसाने केलेली सही होय,” असं दत्तात्रय सर मागच्या खोलीत एकटेच मोठ्याने म्हणाले, आणि सहीऐवजी त्यांचा अंगठा उठला. नुसता उठला असता तरी चाललं असतं, पण तो पेटीच्या झाकणाला चिकटूनच बसला. हळू ओढला तर लाल मखमली कागद सोलून निघत होता आणि हिसका द्यावा तर कातडी जाणार होती. कातडी की कागद, या प्रश्नावर सरांनी थोडा वेळ चिंतन केलं आणि शेवटी पेटीसकट न्हाणीघरात जाऊन, फक्त अंगठा बुडेल आणि पेटी कोरडी राहील अशा बेताने, बादलीपाशी उकिडवे बसले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने उकिडवं बसणं हे त्याच्या हातात असतं, उठणं नसतं. मधल्या खोलीतून मनकर्णाबाईंचा आवाज आला, “अहो, पाणी सांडू नका. नळ उद्या आहे.” सर म्हणाले, “तू झोप.” पेटी मनकर्णाबाईंसाठीच होती, आणि गुपित होती.

हे सगळं सुरू झालं एका फुटकळ प्रश्नापासून. मनकर्णाबाईंच्या हृदयाची एक झडप सैल झाली होती. या वयात ती बदलण्यात अर्थ नाही असं इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि बुऱ्हाणपूरच्या तरुण डॉक्टरने तेच पुन्हा, पण हसून सांगितलं. “अब ज़्यादा परहेज़ मत करवाओ, अंकल. आंटी को जो पसंद है, वो दो. क्या पसंद है आंटी को?” सरांनी उभी हयात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. झोपेतून उठवून विचारलं तरी तापीच्या उपनद्या ते उगमाकडून मुखाकडे ओळीने सांगत, पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. या प्रश्नाला मात्र त्यांच्या तोंडात एकही नदी येईना. दवाखान्याचा पंखा फिरत होता, भिंतीवर हृदयाचं एक लालनिळं चित्र होतं, आणि त्यातल्या शिरा सरांना उगीचच नकाशासारख्या वाटल्या. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलीकडे ते स्वतः ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने डॉक्टर त्यांच्याकडे बघत होता. “चहा,” सर म्हणाले. स्टुलावर बसून पदर सारखा करणाऱ्या मनकर्णाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सरांनी तो खिशात घातला असता. बसस्टँडवरच्या जुन्या वेळापत्रकाकडे पाहावं तसं त्यांनी पाहिलं, लिहिलंय काहीतरी, पण त्या वेळेला गाडी येत नाही. परतताना शनवाऱ्याच्या वेशीपाशी ऑटो अडकली तेव्हा त्या बाहेर बघत म्हणाल्या, “चहा मी प्रतिभा पोटात असताना सोडला. तिला आता नातू होईल.” एवढंच. ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला, आणि सरांना तो आपल्यालाच उद्देशून वाजवल्यासारखा वाटला.

बाई जाणार, हे सरांनी मनाशी कबूल केलं होतं. त्यांचं सगळं कबूल करणं असंच असे, दुसऱ्याच्या बाबतीतलं, आणि पटकन. जायच्या आधी एकदा तरी तिच्या तोंडून ‘छान झालंय’ एवढा शब्द यावा, असं त्यांना वाटायला लागलं. पन्नाशीला टेकलेल्या संसारात त्यांनी शेरे पुष्कळ मारले होते, भाजीवर, माहेरावर, तिच्या चालीवर, तिच्या देवांवर. तिने एकही मारला नव्हता. पूर्वी हा त्यांना आपला विजय वाटे. आता रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तापीकडून येणारा कोमट वारा अंगावर घेताना त्यांना शंका यायची, की ज्या वहीवर कुणी शेराच मारत नाही ती वही तपासली गेली आहे की नाही. शंका आली की छातीत कुठेतरी पाटीवर खडू घासल्यासारखं व्हायचं. प्रतिभाने इंदूरहून फोनवर एक चित्रफीत पाठवली. कुठल्यातरी थंड देशातला एक म्हातारा म्हातारीसाठी पुठ्ठ्याची पेटी सजवतो, ती उघडते, रडते, दोघं गळ्यात पडतात. “पप्पा, आईचा बड्डे आहे ना एक तारखेला? या वेळी हाथ से काहीतरी बनवा ना. कितना स्पेशल वाटतं!” एक तारीख म्हणजे एक जून. त्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना दुसरी तारीख सुचत नसे. सरांनी स्वतः कितीतरी मुलींना एक जूनला जन्म दिला होता. बायको खरी कधी जन्मली, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

पेटीचा पुठ्ठा शेजारच्या रंभाबाईंकडून आला. रंभाबाईंच्या मुलाचे पॉवरलूम घराला लागूनच होते. दिवसभर भिंतीपलीकडे खटक-खटक, खटक-खटक चालायचं, इतकं की ते थांबलं म्हणजेच काही वाजल्यासारखं वाटे. सुताचे कोन ज्या खोक्यांतून येतात त्यातलं एक खोकं सरांनी मागितलं तेव्हा रंभाबाई म्हणाल्या, “काहाले पाह्यजे सर? काय भरनं हाय?” सर म्हणाले, “प्रेम.” रंभाबाई पदरात तोंड घालून इतक्या हसल्या की आतून त्यांची सून बघायला आली. मग सजावट सुरू झाली. आधी सरांनी कडेने केळीच्या धाग्याची वेणी लावली, कारण स्थानिक कच्च्या मालाचं महत्त्व हा त्यांचा आवडता धडा होता, पण धाग्याला मुंग्या लागल्या. मग बाजारातून चमकीची पट्टी आणली, तिची चमक बोटांना लागली आणि पट्टी शिळ्या पोळीसारखी पांढरी पडली. मेमधलं ऊन पत्र्यावरून खाली घरात उतरत होतं, गोंद बाटलीतच तापत होता, आणि मागच्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर टेबल लावून बसलेले सर आरशातल्या सरांकडे बघून मधूनमधून मान हलवत होते. हळूहळू त्यांना स्वतःचा चेहरा आवडायला लागला. जीभ दातांत धरून काम करणारा, बायकोसाठी झिजणारा म्हातारा. असा माणूस आपल्या घरात होता, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं?

तेवढ्यात त्यांना जर आठवली. लहानपणी त्यांच्या गल्लीत कलाबतू ओढणारी घरं होती. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चांदीची तार, त्यावर सोन्याचं पाणी, आणि पोरांनी आडवं पळायचं नाही म्हणून शिव्या. खरी जर कशी ओळखायची हे तिथल्या एका म्हाताऱ्याने त्यांना दाखवलं होतं, ओठाला लावायची. खोटी असेल तर ओठ काही बोलत नाही, खरी असेल तर गार लागते. ती गारवा देणारी रेघ सरांना इतक्या वर्षांनी खालच्या ओठावर पुन्हा जाणवली. ते उठले आणि त्यांनी कपाटाशेजारची लोखंडी ट्रंक उघडली. मधल्या खोलीत मनकर्णाबाई दुपारच्या गोळीने पडल्या होत्या, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, डोळे मिटलेले. ट्रंकेत वर गोधड्या, मग प्रतिभाचं झबलं, मग शाळेने सरांना निरोपाला दिलेली शाल, आणि तळाशी पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, लवंगा आणि वाळल्या कडुनिंबाच्या पानांत ठेवलेलं हिरवं लुगडं. चांगलं चार बोटं रुंद जरीकाठाचं, घडी न मोडलेलं. सरांनी काठ ओठाला लावला. त्या तापलेल्या दुपारी अख्ख्या घरात तेवढी एकच गोष्ट गार होती. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि त्यांनी तो प्रेमाचा धरला. बायका कशा असतात, ते म्हणाले, चांगलं ते झाकून ठेवायचं आणि विटकं ते नेसायचं. वापरात नसलेली वस्तू सौंदर्यासाठी उपयोगात आणणं यात पाप तर नाहीच, उलट अर्थशास्त्र आहे. त्यांनी कात्री घेतली. पहिली कातर बसली, आणि त्याच क्षणी लाइट गेली. भिंतीपलीकडचे लूम एकदम थांबले. त्या पोकळीत कात्रीचा आवाज फार मोठा वाटला, कचक, कचक, जणू कुणी तोंड उघडं ठेवून काकडी खात होतं. सर थबकले. मधल्या खोलीत काही हललं नाही. मग त्यांनी काठ शेवटपर्यंत कापून काढला, दोन्ही बाजूंचा, आणि पदराचाही एक तुकडा, पेटीच्या आतून लावायला.

पेटी अशी झाली की सर तिच्याकडे बघून गप्प बसले, आणि हे त्यांच्या बाबतीत दुर्मीळ होतं. लाल मखमल, चारी कडांना खरी जर, आत हिरवा पदर. झाकण उघडलं की लवंगेचा वास. तेव्हाच रंभाबाई मागच्या दाराने वाटीभर लोणचं घेऊन आल्या. “काय करून राहिले सर, दाखवा तं,” म्हणत त्यांनी पेटी हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि काठावरून बोट फिरवता फिरवता त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी टेबलाखाली पाहिलं. तिथे काठ नसलेलं लुगडं सोललेल्या केळ्यासारखं पडलं होतं.

“अगं माय,” रंभाबाई म्हणाल्या. मग हळूच, दाराकडे बघून, “सर, हे तं बाईच्या भावानं, यादवदादानं आनेल व्हतं ना?”

“असेल. त्याची निवड बरी होती.”

“असेल काय? मी इथंच बसेल व्हती त्या दिवशी. बाईच्या जायच्या वक्ताचं लुगडं हाय हे, सर! कापलं?” त्यांच्या आवाजात हळहळ होती, पण डोळ्यांत दिवाळी होती. “यादवदादा तं गेला. आता कोन आनील?”

सर म्हणाले, “हळू बोला.” रंभाबाईंनी हळू आवाजात सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

बाई सवाष्ण गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवायचं, अशी इकडची रीत आहे. नवऱ्याने घेतलेलं चालत नाही. जन्मभर त्याचं नेसलं, जाताना भावाचं. हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. आईच्या वेळी मामा सायकलवरून लुगडं घेऊन आला, ते येईपर्यंत तिरडी थांबवली होती, हेही त्यांना आठवत होतं. यादव त्यांच्या घरी आला तो दिवसही आठवत होता, नव्हे, तो प्रसंग सर अनेकदा लोकांना सांगत. असीरगडच्या पायथ्याशी यादवची केळीची बाग. पोरबाळ नाही, छातीत कायमचा खोकला. एसटी बंद झालेली, म्हणून खासगी बसने, मांडीवर केळ्यांची फणी आणि काखेत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन तो आला आणि ओट्यावरच बसला. म्हणाला, “ताई, माहा काही भरोसा नाही. मी आधी गेलो तं तुले कोन आनील? म्हून जित्या हातानं देऊन ठेवतो.” तेव्हा सर म्हणाले होते, “यादवराव, मग मेहुण्याने काय पाप केलं? एखादा पंचा तरी आणायचा होता. मी काय अमरपट्टा बांधून आलोय?” काय हशा पिकला होता! यादव सगळ्यांत जास्त हसला, हसता हसता खोकला, खोकता खोकता त्याचे डोळे भरले. रंभाबाईही हसल्या होत्या. मनकर्णाबाई फणी उचलून आत गेल्या. तो विनोद सरांनी नंतर लग्नांत सांगितला, निवृत्तांच्या बैठकीत सांगितला, यादवच्या दहाव्याला राजघाटावर केस काढून बसलेल्या पाहुण्यांनाही, यादव किती दिलदार होता याचं उदाहरण म्हणून सांगितला. विनोद शब्दन् शब्द लक्षात राहिला होता. लुगडं कोणत्या रंगाचं होतं, काठ केवढा होता, ते कुठे ठेवलं, यातलं काही राहिलं नव्हतं. यादवबद्दल ते नेहमी म्हणत, “माझ्या मेहुण्याची अक्कल केळीसारखी. एकदाच घड येतो, मग खांब तोडून टाकायचा.” तो एकदाच आलेला घड सरांनी आता कात्रीने कापला होता.

त्या दिवसापासून पेटी सरांच्या मागे लागली. ती कपाटावर कापडाखाली होती, पण घरात कुठेही बसलं तरी लवंगेचा वास यायचा. जेवताना यायचा, पेपर वाचताना पेपराला यायचा. काठ परत शिवता येईल का म्हणून त्यांनी एक कोपरा उचकटून पाहिला, तर मखमल, पुठ्ठा, जर आणि गोंद यांचा एकच जीव झाला होता. बाजारात जाऊन तसंच लुगडं आणावं, असंही मनात आलं. दुकानापर्यंत गेलेही. पोरगा म्हणाला, “कोणासाठी, अंकल?” आणि सर परत फिरले. आपण आणलेलं चालत नाही, आणि ज्याचं चालतं तो राजघाटावरून पुढे वाहून गेला. भावजय जामनेरला तिच्या माहेरी निघून गेली, बाग दुसऱ्याने कसायला घेतली. मनकर्णाबाईंना आता कोणी नव्हतं. हे त्यांना यादव गेल्यापासून वर्षभर माहीत होतं, पण माहिती म्हणून, सातपुड्याची उंची माहीत असते तसं. आता ते रात्री नव्हे, भरदुपारीच अंगावर यायचं. डोळे मिटले की त्यांना मनकर्णाबाई दिसायच्या, जमिनीवर, उत्तरेकडे डोकं, आणि बायका ट्रंक उघडून पांढरं फडकं सोडताहेत. मग बायका वर बघतात, सरांकडे. सगळ्यांत पुढे रंभाबाई. सर आंब्याची पेटी घेऊन शेजारी गेले. “रंभाबाई, ते तेवढं…” “मी काहाले सांगू सर? माहं काय काम हाय?” रंभाबाई म्हणाल्या. म्हणजे सांगणार. सरांना घाम फुटला. आणि घाम पुसताना त्यांच्या मनात एक विचार आला, बारीक, गार, ओठाला जर लागावी तसा. बाई आधी गेली तर लुगडं लागणार. पण ती आजारी आहे, गोळ्या घेते, ट्रंक उघडायला वाकत नाही. म्हणजे तिला कळण्याचं काही कारण नाही. तिला कळायच्या आत… या वाक्याचं पुढचं टोक दिसलं तेव्हा सरांनी स्वतःला दटावलं. वाक्य मात्र गेलं नाही, अर्धवटच ओट्यावर शेजारी येऊन बसायला लागलं. कापलेलं लुगडं त्यांनी कापलेली बाजू आत येईल अशी घडी घालून, लवंगांसकट, फडक्यात बांधून तळाशी ठेवलं. दिवसातून कितीदा तरी ट्रंकेपाशी जाऊन ते कडी लागली आहे ना बघत. मनकर्णाबाई खाटेवरून विचारत, “काय शोधता?” “काही नाही. चष्मा.” “डोळ्यांवर आहे.”

पेटीत ठेवायचं काय, हा प्रश्न तेव्हा कुठे सरांना आठवला. दराबा ठेवावा, असं ठरवून ते हलवायाच्या दुकानात उभे राहिले. दर दिवाळीला बाई आठवणीने दराबा आणवायची, म्हणजे तिला आवडत असणार. मग वजन होता होता त्यांना डोळ्यांसमोर ताट दिसलं, आणि ताटासमोर स्वतः दिसले. बाई वाढत होती. खाताना ती त्यांना कधी दिसलीच नव्हती. ते तसेच घरी आले.

एक जूनला पेटी रिकामीच होती. समोर खुर्चीवर फोन टेकवला होता आणि त्यात प्रतिभा इंदूरहून टाळ्या वाजवत होती. रंभाबाई सुनेला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दुसरी रांग नव्हतीच. मनकर्णाबाई खाटेवर उशीला टेकून होत्या, केस विंचरलेले, कपाळावर मोठं कुंकू. सरांनी कापड काढलं. मग त्याच कापडाने चष्मा पुसला, त्यावर प्रतिभा म्हणाली, “पप्पा किती इमोशनल झाले बघ आई!” लवंगेचा वास खोलीत पसरला. मनकर्णाबाईंनी पेटी मांडीवर घेतली, जवळ नेली, लांब नेली. मग एक बोट काठावर ठेवलं आणि सावकाश चारी कडांनी फिरवत आणलं, घाई न करता, शेताच्या बांधावरून चालावं तसं. सरांना त्या बोटाखेरीज दुसरं काही दिसेना. भिंतीपलीकडे लूम चालू होते, खटक-खटक, आणि त्यांना वाटलं आता हे थांबतील, आता लाइट जाईल, आता ती ओरडेल. ओरडली तर बरं, असंही वाटलं. रंभाबाईंनी पुढे वाकून विचारलं, “वळखीचं वाटते का काई, बाई?”

“आई, बोल ना! कसं वाटलं?” फोन म्हणाला.

मनकर्णाबाईंनी पेटी उघडली, आत पाहिलं, मिटली.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या.

तो शब्द मिळाला. ज्या शब्दासाठी सगळा उद्योग केला, तो सरांच्या कानावर आला. प्रतिभा रडली. रंभाबाई निराश होऊन पेढा खाऊ लागल्या. सर उभेच होते. कुणीतरी त्यांना बसा म्हणालं तेव्हा ते खुर्चीतल्या फोनवरच बसणार होते.

सगळे गेल्यावर त्यांनी दाराची कडी लावली आणि खाटेपाशी येऊन म्हणाले, “मनकर्णा, एक सांगायचं होतं. ते यादवचं…”

“माहीत आहे.”

“रंभाबाई बोलली ना? मला वाटलंच. त्या बाईच्या पोटात…”

“ती कशाला बोलेल? मी बघत होते.” त्यांनी हनुवटीनेच मागच्या खोलीकडे खूण केली. सरांनी वळून पाहिलं. उघड्या दारातून कपाटाचा आरसा दिसत होता, आरशात टेबल, टेबलाशेजारी ट्रंक. आणि आरशाच्या कडेला, खाटेवर, मनकर्णाबाईंचे उघडे डोळे त्यांच्याकडेच बघत होते. एवढे दिवस त्या आरशात सरांनी फक्त सरांना पाहिलं होतं.

“मग हाक का नाही मारलीस? एवढी गोष्ट होती तर?”

“मारणार होते. तोंड उघडलं होतं.” त्या थांबल्या, त्यांना धाप लागली होती. “पण तुम्ही जीभ बाहेर काढून बसला होतात, पोरासारखे. माझ्यापायी इतका वेळ एका जागी बसलेलं मी तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं. म्हटलं, बघू तरी, कुठवर जातात. पदरापाशी तरी थांबाल, असं वाटलं होतं.”

सरांनी खाली पाहिलं. पायांच्या नखांपाशी एक जरीचा तुकडा पडला होता, केसाएवढा.

“मग रंभाबाई आली, आणि तुम्हाला कळलं. मग तुम्ही ट्रंकेभोवती फिरायला लागलात, दूध सांडलेल्या मांजरासारखे. जेवण जाईना, चष्मा डोळ्यांवर आणि शोधायचे ट्रंकेत. मला रोज सकाळी जाग आली की वाटायचं, चला, आज काय करतात बघू.” त्या हसल्या नाहीत. ताप उतरल्याचं सांगावं तशा आवाजात त्या बोलत होत्या. “डॉक्टरांनी विचारलं होतं ना, मला काय आवडतं? हे आवडलं.”

“मनकर्णा,” सर म्हणाले. “मी नवीन आणतो. जामनेरला जातो, भावजयीच्या हातून…”

“राहू द्या. ती लग्न करून आलेली, तिचं कसं चालेल? यादवचं ते यादवचं.” त्यांनी पेटी बाजूला ठेवली, मग पुन्हा उचलून गोळ्यांची पाकिटं आत टाकली आणि झाकण लावलं. “आता असं आहे, जायचं लुगडंच नाही म्हटल्यावर मला आधी जाता येत नाही. लोक काय म्हणतील, कापलेलं नेसून गेली? तेव्हा तुम्हीच पुढे व्हा. पंच्याचं मी बघते. तो विनोद तुमचा मला पाठ आहे.”

सरांना हसू आल्यासारखं झालं, सवयीने, आणि ते ओठाच्या कडेलाच थिजलं. मनकर्णाबाई जागच्या जागी सरकल्या, पाय खाली सोडले, आणि बऱ्याच महिन्यांनी कुणाचा हात न धरता खाटेच्या काठावर ताठ बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. सरांनी तो आधी कुठे पाहिला होता ते त्यांना आठवेना, आणि आठवत नाही हे पाहून त्यांना पहिल्यांदाच खरोखरीची भीती वाटली, गार, खालच्या ओठावर.

पायांनी खाटेखाली चाचपडत मनकर्णाबाईंनी एक चप्पल पुढे ओढली, दुसरी ओढली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

“तो गोंद उरला असेल ना थोडा? हिचा अंगठा तुटलाय, तेवढा चिकटवून द्या.”